स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत

इंग्लंडमध्ये पबात कुत्रा नेण्यावर कायद्याची बंदी नाही. कामाच्या निमित्ताने हे वाक्य मला सारखं बोलावं लागतं. तक्रारीसाठी फोन करणाऱ्या गिऱ्हाइकाला, नव्याने पब चालवायला घेतलेल्या जोडप्याला, आणि मिरजेहून पाहुणे आले की त्यांनाही. यॉर्कशरमधल्या एका कौन्सिलमध्ये मी अन्नसुरक्षेची तपासनीस आहे. शाळांची स्वयंपाकघरं, बेकऱ्या, फिश अँड चिप्सची दुकानं, इंडियन रेस्टॉरंटं आणि पब असं सगळं माझ्याकडे येतं. अंगात पांढरा कोट, डोक्याला जाळी, हातात थर्मामीटर अशी मी आत शिरते. पब असेल तर बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी कुत्राच पुढे येऊन माझे बूट हुंगतो.

पब म्हटलं की पुण्या-मुंबईच्या वाचकाला काळोख, ढणाणा संगीत आणि रात्रीचा धिंगाणा आठवेल. इथल्या खेड्यातला पब फार वेगळा. दुपारी बाराच्या सुमाराला उघडतो. दगडी फरशी, थंडीत पेटवलेली लाकडं, कोपऱ्यात वर्तमानपत्र चाळणारे आजोबा, रविवारी दुपारी भाजलेलं मांस आणि बटाटे खायला आलेली तीन-तीन पिढ्यांची कुटुंबं. यॉर्कशर डेल्सच्या डोंगरांत दिवसभर पायी फिरलेली माणसं संध्याकाळी इथे टेकतात आणि त्यांच्याबरोबर चिखलाने माखलेलं कुत्रंही टेकतं. ब्रिटनमध्ये पब सुमारे ४५ हजार आहेत आणि पाळीव कुत्री एक कोटीहून जास्त. एकट्या राहणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर काढणारी दोनच कारणं उरलेली असतात. एक म्हणजे कुत्र्याला फिरवून आणणं, आणि दुसरं म्हणजे पबात जाऊन कुणाशी तरी चार शब्द बोलणं. या दोन्हींची ताटातूट केली की माणूस घरीच बसतो. हे मी जवळून पाहिलेलं आहे, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. पबात कुत्र्याला जागा असावी. पण ती जागा कशाच्या जोरावर मिळते हे फार कमी लोकांना ठाऊक असतं, आणि आता पुण्यातही कॅफेंच्या दारांवर कुत्र्यांच्या स्वागताच्या पाट्या लागू लागल्या आहेत.

आधी कायदा. ८५२/२००४ हा अन्नस्वच्छतेचा युरोपीय नियम ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही कायम ठेवला. त्यात पाळीव प्राण्यांबद्दल जेमतेम दोन ओळी आहेत. अन्न जिथे तयार होतं, हाताळलं जातं किंवा साठवलं जातं, तिथे पाळीव प्राणी पोचणार नाही अशी व्यवस्था हवी, इतकंच. जेवणाच्या टेबलाबद्दल त्यात काहीही नाही. म्हणजे कुत्र्याची हद्द स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत, आणि उंबऱ्याच्या अलीकडे त्याला बसू द्यायचं की नाही हे पब चालवणाऱ्याने ठरवायचं. मी बघते ते असं. स्वयंपाकघराचं दार आपोआप लागतं का? कुत्रा बारच्या मागे जातो का? बारमागे लिंबं चिरतात, बर्फ ठेवतात, म्हणजे तीही अन्नाचीच जागा. ज्या मुलीने आत्ता कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला ती हात धुऊन मगच ताटं उचलते ना? कुत्र्याचं पाण्याचं भांडं माणसांच्या भांड्यांत मिसळत नाही ना?

गिऱ्हाइकांच्या कुत्र्यांपेक्षा मला मालकाच्या कुत्र्याची काळजी जास्त. पब चालवणारं कुटुंब बहुधा वरच्या मजल्यावरच राहतं आणि कित्येक जुन्या इमारतींत वर जायचा जिना स्वयंपाकघरातून असतो. त्या कुत्र्याच्या दृष्टीने सगळी इमारत त्याचं घर असते. पहाटे सामान उतरवताना दारं उघडी राहतात, तो थेट कोठीत जाऊन बसतो. ‘आमचा काही करत नाही हो,’ हे वाक्य मी तेव्हा ऐकते, आणि तरीही मला ते वहीत लिहावं लागतं.

पण पबात जेवून माणसं आजारी पडतात तेव्हा त्यामागे कुत्रा क्वचितच असतो. मला सापडतात ते अर्धवट शिजलेली कोंबडी, कच्चं मांस कापलेल्या फळीवर कापलेली काकडी, बाथरूममधून आल्यावर न धुतलेले हात, आणि उलट्या होत असतानाही कामावर आलेला आचारी. इंग्लंडमध्ये थंड ठेवायचं अन्न ८ अंश सेल्सियसच्या वर जाता कामा नये आणि गरम ठेवायचं ६३ अंशांच्या खाली येता कामा नये, असा कायदा आहे. या दोन आकड्यांमध्ये तासन् तास पडून राहिलेला भात किंवा ग्रेव्ही टेबलाखाली झोपलेल्या लॅब्रडॉरपेक्षा कितीतरी घातक. पबांना आम्ही ० ते ५ असा स्वच्छतेचा दर्जा देतो. बसायच्या जागेत कुत्री येतात एवढ्यावरून मी कधीही गुण कापलेले नाहीत आणि कापणारही नाही.

म्हणून कुत्रा निर्धोक, असं मात्र कुणी समजू नये. कुत्र्याच्या पोटातल्या गोलजंतांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, तिथे काही आठवड्यांत पिकतात आणि मातीत खेळून तोंडात बोटं घालणाऱ्या मुलांच्या पोटात जातात. क्वचित त्यातून डोळ्याला इजा होते. मेंढपाळांच्या कुत्र्यांकडून माणसाच्या यकृतात गाठी करणारा वेगळा जंत येऊ शकतो, त्यासाठी कुत्र्याला कच्चं काळीज-फुप्फुस खाऊ न देणं आणि वेळेवर जंताचं औषध देणं हाच उपाय. कच्च्या मांसावर पोसलेली कुत्री साल्मोनेला घेऊन फिरू शकतात. काही माणसांना कुत्र्याच्या लाळेची आणि कोंड्याची ॲलर्जी असते आणि त्यांचा दमा बळावतो. यातली मातीची बाब बघा. धोका पबच्या फरशीवर कमी आहे, तो बागेत आणि मुलांच्या वाळूत आहे. फरशी रोज पुसली जाते, वाळू कोण धुतं? लहान मुलांच्या खेळायच्या कुंपणातल्या जागेत कुत्रा नकोच, यावर माझा ठाम आग्रह आहे. २०१४ च्या एका कायद्याने कौन्सिलांना अशा जागा कुत्र्यांना बंद करण्याचा अधिकार दिला, आणि यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या काही पुळणी याच अधिकारात मे ते सप्टेंबर कुत्र्यांना बंद असतात.

इथल्या खानावळींत कुत्रं फार पूर्वीपासून आहे, आणि एके काळी ते चक्क स्वयंपाकघरातच होतं. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत इंग्लंड-वेल्समध्ये आखूड पायांची, लांब पाठीची कुत्री भिंतीवरच्या लाकडी चाकात घालून चालवत. चाक फिरलं की दोरीने जोडलेली मांसाची सळई विस्तवावर फिरे. आगीची धग, धूर आणि तासन् तासांची चाल. यंत्रं आली तशी ही जात नामशेष झाली. ‘व्हिस्की’ नावाची त्यातली एक कुत्री पेंढा भरून वेल्समधल्या ॲबर्गव्हेनीच्या संग्रहालयात ठेवली आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनच्या काही पबांत उंदरांचे खड्डे असत, टेरियर किती मिनिटांत किती उंदीर मारतो यावर पैजा लागत. प्राण्यांचा छळ थांबवण्यासाठी काढलेली आणि पुढे ‘रॉयल’ हे बिरुद मिळालेली सोसायटी १८२४ मध्ये स्थापन झाली तीही लंडनच्या एका कॉफीहाउसमध्येच. पबातल्या कुत्र्याने चाक ओढलं, उंदीर मारले, झुंजी सोसल्या. आज तो नुसता बसतो, यात मला माणसाची प्रगती दिसते.

पण त्याला नुसतं बसता येतं याचं खरं कारण पबच्या बाहेर घडलं. ते कारण म्हणजे रेबीज.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनच्या रस्त्यांवर पिसाळलेली कुत्री फिरत होती आणि माणसं मरत होती. फ्रान्समध्ये लुई पाश्चरने १८८५ मध्ये माणसांसाठी लस शोधली, पण कुत्र्यांचा रोग थांबवायचा कसा? १८९० च्या दशकात वॉल्टर लाँग नावाचे शेतीखात्याचे मंत्री होते. त्यांनी १८९७ पासून ठिकठिकाणी सक्ती केली की कुत्र्याच्या तोंडाला मुसकं बांधल्याशिवाय त्याला रस्त्यावर आणायचं नाही. बिनमुसक्याचं, बेवारस कुत्रं दिसलं की पकडायचं. परदेशातून येणाऱ्या कुत्र्यांना विलगीकरणात ठेवायचं. लोक चिडले. कुत्र्यांच्या बाजूने लढणाऱ्या संघटनांनी मुसक्यांना कडाडून विरोध केला. लाँग यांनी माघार घेतली नाही, आणि १९०२ मध्ये देशातून रेबीज गेला. १९१८ मध्ये तो पुन्हा आला. महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांनी लपवून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो आला असं मानतात. पुन्हा मुसकी, पुन्हा पकडापकड, आणि १९२२ मध्ये तो दुसऱ्यांदा संपला. तेव्हापासून आजवर इथल्या जमिनीवरच्या प्राण्यांत रेबीज नाही. बाहेरून येणाऱ्या कुत्र्याला सहा महिने कोंडून ठेवण्याचा नियम मात्र २००० साली पाळीव प्राण्यांच्या प्रवासाची नवी योजना येईपर्यंत चालू होता.

या गोष्टीला एक कठोर बाजू आहे आणि ती लपवायला मला आवडत नाही. पकडलेल्या बेवारस कुत्र्यांपैकी फार मोठ्या संख्येला मारण्यात आलं. १८६० मध्ये मेरी टील्बी या बाईंनी लंडनमध्ये भटक्या कुत्र्यांसाठी आसरा काढला, तोच पुढे बॅटर्सीला गेला आणि जगप्रसिद्ध झाला. पण त्या काळात तिथे पोचलेली बहुतेक कुत्री तिथून जिवंत बाहेर पडत नसत. शेकोटीजवळ ऐसपैस पसरलेल्या आजच्या स्पॅनियलचा निवांतपणा त्या सगळ्यावर उभा आहे.

माझ्या आईला कुत्र्याची भीती वाटते. ती आठ-नऊ वर्षांची असताना मिरजेत किल्ल्याच्या बाजूला एक कुत्रं तिच्या पोटरीला चावलं आणि तिला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली, रोज एक. साठीच्या पुढच्या मराठी माणसांपैकी कित्येकांच्या घरात ही गोष्ट असेल. ती लस डेव्हिड सेंपल या डॉक्टरने १९११ मध्ये कसौलीला तयार केली. ती मेंढीच्या मेंदूपासून बनायची, दुखायची फार, आणि कधी कधी मज्जासंस्थेवर तिचे वाईट परिणामही होत. भारतात तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीस बंद झालं. आता दंडात टोचतात, मात्रा कमी, त्रास कमी. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एकदा लक्षणं दिसली की जवळजवळ कुणीच वाचत नाही, म्हणून ‘बघू उद्या’ असं म्हणायचं नाही.

आई इथे आली तेव्हा तिला मी डेल्समधल्या एका पबात जेवायला नेलं. शेजारच्या टेबलाखालून एक कॉकर स्पॅनियल उठला, शेपूट हलवत आमच्याकडे आला, आणि आईने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. ‘आई, अगं इथे रेबीज नाही,’ मी म्हटलं. ती म्हणाली, ‘तुला ठाऊक आहे ना, मग तू घाबरू नकोस.’ माहितीने भीती जात नाही. पब चालवणाऱ्या बाईंनी ते पाहिलं, एक शब्दही न विचारता आमची ताटं उचलली आणि आम्हाला मागच्या छोट्या खोलीत बसवलं. त्या खोलीच्या दारावर कुत्र्यांना मनाई असल्याची पाटी होती. आई व्यवस्थित जेवली, पुडिंगही खाल्लं. मला पबांबद्दल जे म्हणायचंय ते त्या बाईंनी करून दाखवलं होतं. कुत्र्याला जागा द्या, पण ज्याला कुत्रा नको त्यालाही तितकीच चांगली जागा द्या, संडासाशेजारची नको. आणि दारावरच लिहा, म्हणजे माणसाला आत येण्याआधी कळेल. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट मला लहानपणी आईनेच सांगितली. ती गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगणारी आणि कुत्रा दिसला की रस्ता ओलांडणारी बाई एकच आहे, आणि मला तिचं दोन्ही पटतं.

इथला कायदाही तिच्या भीतीला मान देतो. १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांच्या कायद्यात चार जातींवर बंदी आली हे पुष्कळांना माहीत असतं. एक्सएल बुली ही पाचवी. २०२३ च्या अखेरीपासून तिची विक्री आणि पैदास बंद झाली, बाहेर नेताना मुसकं सक्तीचं झालं, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून परवान्याशिवाय ती पाळणंही गुन्हा ठरलं. त्याच कायद्यातलं तिसरं कलम मला जास्त मोलाचं वाटतं. कुठल्याही जातीचा कुत्रा असो, तो ताब्याबाहेर गेला आणि तो आपल्याला इजा करेल अशी रास्त भीती एखाद्याला वाटली, तरी मालक दोषी ठरू शकतो. चावायलाच हवं असं नाही. जीव गेला तर चौदा वर्षांपर्यंत तुरुंगवास. बाहेर नेलेल्या कुत्र्याच्या गळ्यात मालकाचं नाव-पत्ता हवा, इंग्लंडमध्ये २०१६ पासून कातडीखाली मायक्रोचिप हवी, त्याची घाण मालकाने उचलायला हवी. पिशवी खिशात न ठेवता कुत्रा फिरवणारा माणूस इथे शेजाऱ्यांच्या नजरेतून उतरतो, आणि दंड भरतो तो वेगळाच. एवढं सगळं कुत्र्यामागे उभं असतं म्हणूनच रेल्वेत एका प्रवाशाबरोबर दोन कुत्री फुकट जाऊ शकतात. लंडनच्या भुयारी रेल्वेतही कुत्रा चालतो, फक्त सरकत्या जिन्यावर त्याला उचलून घ्यायचं, कारण पंजा अडकतो. आपल्याकडे रेल्वेत कुत्रा बरोबर बसवायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर हवी, नाहीतर तो गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातो.

आता ज्या कुत्र्याला कुणीच नाही म्हणू शकत नाही त्याबद्दल. १९३१ मध्ये लिव्हरपूलसमोरच्या वॉलसी गावात दोन बायकांनी आंधळ्या माणसांसाठी पहिले चार वाटाडे कुत्रे तयार केले. ज्युडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा. आज २०१० च्या समानता कायद्याखाली अशा कुत्र्याला दारातून परतवणं म्हणजे त्या माणसालाच परतवणं. टॅक्सीवाल्यालाही दंड होतो. तरीही मला दरवर्षी कुणी ना कुणी सांगतं की आमच्याकडे हायजीन असतं, त्यामुळे आम्ही त्यांना बाहेर बसायला सांगितलं. हे ऐकून माझा संताप होतो. स्वच्छतेच्या ज्या नियमाची ढाल पुढे करतात तो नियम मी राबवते, आणि त्यात असं काहीही नाही. २००८ मध्ये लेस्टरच्या एका मशिदीने एका आंधळ्या तरुणाच्या कुत्र्याला आवारात जागा दिली, धर्मशास्त्राच्या जाणकारांचा सल्ला घेऊन. मशिदीला जे जमलं ते करी-हाउसला जमू नये? डेव्हिड ब्लंकेट हे जन्मांध मंत्री आपला वाटाड्या कुत्रा घेऊन थेट संसदेत बसत. १९९९ मध्ये विरोधी बाकावरचं भाषण चालू असताना त्यांची लूसी सभागृहातच ओकली. जमीन पुसली, कामकाज पुढे चाललं.

नाही म्हणण्याचा हक्कही मला तितकाच मान्य आहे. वेदरस्पून या मोठ्या पबसाखळीने २०१८ मध्ये आपल्या सगळ्या शाखांत, बागेतसुद्धा, मदतनीस कुत्री सोडून बाकी कुत्र्यांना बंदी केली. त्यांच्याकडे लहान मुलांसह येणारी कुटुंबं फार, आणि शिकवलेला कुत्राही कधी कसा वागेल सांगता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. कुत्रेवाल्यांनी आरडाओरडा केला. मला तो पटला नाही. माझ्या गावात एक पब कुत्र्यांचा आहे आणि एक बिनकुत्र्यांचा, दोन्ही चालतात.

कुत्र्याला स्वतःला काय वाटतं, हेही कुणी विचारत नाही. शनिवारी रात्री फुटबॉलच्या सामन्याची आरडाओरड, पायाखाली फुटलेली काच, दर मिनिटाला डोक्यावर येणारा परका हात. सारखी जांभई देणारा, ओठ चाटणारा, शेपूट पोटाखाली घेतलेला, कारण नसताना धापा टाकणारा कुत्रा दमलेला नसतो, तो घाबरलेला असतो. पिल्लू तीन आठवड्यांपासून साधारण तीन महिन्यांपर्यंत जग शिकतं, कोण आपलं, कशाला भ्यायचं नाही ते. टाळेबंदीत ज्यांनी पिल्लं आणली त्यांच्यातल्या कितीतरी पिल्लांना त्या वयात घराबाहेरचा एकही माणूस दिसला नाही. अशा कुत्र्याला गर्दीच्या पबात ओढत नेणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि चावा होतो तो बहुधा इथेच. शिवाय शेजारच्या टेबलावरून प्रेमाने दिलेला कांद्याचा तुकडा, बेदाण्यांचा केक, चॉकलेट, हे सगळं त्याला विषारी.

आपल्याकडे वळते. भारतात रेबीजने किती माणसं मरतात याचा जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज वर्षाला १८ ते २० हजारांचा होता, अलीकडच्या देशव्यापी पाहणीतून निघालेला सुमारे ५,७०० चा. धाकटा आकडा घेतला तरी रोज पंधरा माणसं. ब्रिटनने जो रस्ता धरला, मारून टाकण्याचा, तो मुंबईत इंग्रजांनीच आधी करून पाहिला होता. जून १८३२ मध्ये कुत्री मारण्याच्या हुकमाविरुद्ध फोर्टमधले पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली, बाजार बंद पडले. दोन वर्षांनी मुंबईत पांजरापोळ उभं राहिलं. आपल्या समाजाला तो रस्ता मान्य नाही, तेव्हाही नव्हता. २००१ पासून भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण करायचं, लस टोचायची आणि पुन्हा त्याच जागी सोडायचं, असे आपले नियम आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने आधी सगळ्यांना निवाऱ्यात कोंडायला सांगितलं, मग अकरा दिवसांनी मोठ्या खंडपीठाने ते बदललं आणि निरोगी कुत्री लसीकरणानंतर परत सोडा म्हटलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळं, बस डेपो आणि रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातून मात्र त्यांना कायमचं हलवायला सांगितलं. हा वाद मला ओळखीचा वाटतो. फरक इतकाच की लाँग यांच्याकडे कुत्र्यांसाठी लस नव्हती, आपल्याकडे आहे.

आणि ती वापरली की काय होतं हे गोव्याने दाखवलं. मिशन रेबीज ही ब्रिटिश संस्था २०१३-१४ पासून राज्य सरकारबरोबर तिथे काम करते आहे. हातात जाळी घेतलेल्या तुकड्या वाड्यावाड्यांतून, पुळणींवरून फिरतात, कुत्रं पकडतात, टोचतात, अंगावर रंगाची खूण करतात आणि सोडून देतात. कुठे किती झाली याची नोंद मोबाइलवर. सोबत शाळांमधून मुलांना धडे. दहातल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हा हिशेब जगभर पडताळलेला आहे. २०१७ नंतर पुढची काही वर्षं गोव्यात रेबीजने माणूस दगावल्याची नोंद नाही, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. कांदोळी-बाग्याच्या शॅकमध्ये टेबलाखाली वाळूत खड्डा करून झोपलेली ती पिवळी, काळी कुत्री कुणाच्या मालकीची नसतात. पण त्यांना लस टोचणारं कुणीतरी असतं. दारावर पाटी लावण्याआधीचं काम तिथे झालं आहे.

माझा भाचा पुण्यात बाणेरला छोटं कॅफे चालवतो. परवा त्याचा फोन आला, ‘आत्या, कुत्रेवाले लोक सारखे विचारतात. पाटी लावू का?’ मी त्याला माझ्या तपासणीच्या यादीतलं जे जे तिथे लागू होईल ते सांगितलं. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचं कार्ड बघितल्याशिवाय आत घ्यायचं नाही. पट्टा हातात, टेबलाच्या पायाला बांधायचा नाही. कुत्र्यासाठी स्टीलचं वेगळं भांडं, ते बाहेरच्या नळावर धुवायचं. वाढणाऱ्या पोरांनी कुत्र्याला हात लावायचा नाही, लावला तर आधी साबण. वाटाड्या कुत्रा आला तर यातलं काहीही न विचारता सगळ्यात चांगलं टेबल द्यायचं. त्याने लिहून घेतलं. मग मी विचारलं, गल्लीतल्या कुत्र्यांचं काय? कॅफेच्या दाराशी पाच-सहा बसलेली असतात, कुणीतरी पाळीव कुत्रा घेऊन आला की ती उठून भुंकतात, मागे लागतात. त्याने शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठलं, दोघांनी मिळून महापालिकेच्या निर्बीजीकरण केंद्राला कळवलं. चार कुत्री गेली, टोचून, कान कापलेल्या खुणेसह परत आली. एक लंगडी कुत्री अजून हाताला लागलेली नाही, ती गाडी दिसली की पळते. बाहेरच्या अंगणातल्या टेबलांसाठी पाटी छापून आली आहे. आतल्या हॉलचं ठरलेलं नाही. तिथे स्वयंपाकघराला नुसती अर्धी झडप आहे, दार नाही. सुनबाईंचं म्हणणं, दार बसवल्याशिवाय आत कुत्रा नको, आणि सुताराला पैसे दिवाळीनंतर. मी तिच्या बाजूने आहे.